कौलं चाळायचा दिवस

हाळी ऐकू आली तेव्हा मी मायच्या घराच्या ओट्यावर बसून दात घासत होतो. पलीकडच्या टेकाडावरून कुणीतरी तोंडाशी दोन्ही हात धरून लांब ओरडलं, खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूने तसंच उत्तर आलं, आणि माझा हात तोंडातच थांबला. आमच्याकडे घरं एकमेकांना चिकटून नाहीत. ज्याच्या त्याच्या शेतात एकेक घर, मध्ये नाले, मोहाची झाडं आणि वैशाखात नुसते गोटे उरलेली नदी. म्हणून निरोप हाळीनेच जायचा. उन्हाळ्यात एवढ्या सकाळी हाळी आली की तिचा अर्थ एकच. आज कुणाच्या तरी घराची कौलं चाळायची आहेत, या.

आवाज रायसिंगच्या घराकडून येत होता. रायसिंग माझ्या बरोबरीचा. खोऱ्यात आता कौलारू म्हणावं असं त्याचंच घर उरलंय. बाकी सगळीकडे पत्रे आले, आणि एक स्लॅब. तो स्लॅब माझा.

मी तोंड धुतलं, बॅगेतून जुना शर्ट काढला आणि पुन्हा ओट्यावरच येऊन बसलो. जावं की नाही, ते ठरेना. साठीला आलेला माणूस मी, नाशिकला नोकरी केली, मागच्या वर्षी तिथेच निवृत्त झालो. माय जाऊन दोन हिवाळे झाले. यावेळी खापर गावापर्यंत बसने आणि पुढे जीपने आलो तो घराचं कुलूप कायमचं काढायचं असं मनाशी ठरवून. बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही, पण मला इथे राहायचंय. नुसतं घरात राहायला माणूस एवढ्या लांब येत नाही, मला खोऱ्यात राहायचंय. त्याला मात्र खोऱ्याची परवानगी लागते आणि ती मागायला कुठलं ऑफिस नाही. रायसिंगच्या कौलांच्या रांगेत मला जागा मिळाली तर मी इथला, एवढं साधं ते होतं. आणि त्याचीच भीती वाटत होती.

आमच्याकडे याला लाहा म्हणतात. बाकी महाराष्ट्रात कुठे सावड म्हणतात, कुठे आणखी काही. कुणाचं घर उभं करायचं असो, निंदणी असो की कौलं, हाळी द्यायची आणि लोकांनी यायचं. काम सगळ्यांचं, जेवण घरधन्याचं. उडदाची डाळ, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, आणि म्हाताऱ्यांसाठी कोपऱ्यात झाकून ठेवलेली मोहाची. माझ्या आजोबांनी खालच्या सपाटीवरून येऊन इथे जमीन कसायला घेतली, म्हणून आमच्या घरात अहिराणी. शेजारीपाजारी घरात भिलीत बोलायचे. पण छपरावर चढलं की सगळ्यांची एकच भाषा व्हायची, अर्धी आमची अर्धी त्यांची, आणि शिव्या मात्र तीन-चार भाषांतल्या.

कौलं नळीची. एक रांग उताणी, तिच्यावर एक पालथी. वर्षभर त्यांच्यावरून वानरं उड्या मारत, मांजरं भांडत, चिंचेच्या काटक्या पडत. कौलं सरकायची, फुटायची. म्हणून दर उन्हाळ्यात ती सगळी उतरवायची, झटकायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा रचायची. खालच्या कामट्या कुजल्या असतील तर नव्या बांधायच्या, पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेल्या वाखाने. हे काम एकट्या घराचं नाहीच. जमिनीपासून वळचणीपर्यंत माणसांची रांग लागायची, आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कौल जात राहायचं. बायाही रांगेत, पोरंही. मला आजही कौलाचा तो खरखरीत स्पर्श आठवतो, आणि त्यावर वाळलेल्या शेवाळाचा वास, जो हातांना संध्याकाळपर्यंत सुटत नसे. कुठल्याशा कौलाखालून विंचू निघाला की वरून ओरडा व्हायचा, "ईंचू, ईंचू!" आणि अख्खी रांग एक पाऊल मागे. मग कुणीतरी बाई पुढे होऊन चपलेने त्याचा निकाल लावायची. पुरुष तोवर विंचवाच्या आकारावर चर्चा करत.

एक रीत होती. ज्याचं घर, त्याने छपरावर चढायचं नाही. वर चढायचं ते दुसऱ्यांनी. घरधनी खाली उभा राहणार, पाणी देणार, वर बघून काळजी करणार. लहानपणी मला हा बाबांवर अन्याय वाटायचा, कारण बाबा छपरावर मांजरासारखे चालत. मी त्यांना एकदा विचारलंही. रायसिंगचा बाप फुलजीकाका तेव्हा आमच्या आढ्यावर बसला होता. त्यानेच वरून उत्तर दिलं, "तुन्हा बाप मन्हा घरवर चढस, मी तुन्हा घरवर. आपलं घर आपलाच हातमा ठेवं का मानूस एकला पडस, बेटा." बाबा खालून म्हणाले, "तू गप कौल लाव, शास्तर नको सांगू." दोघं हसले. मला ते फारसं कळलं नाही. मला तेव्हा फक्त छपरावर चढायची घाई होती.

कौलं उतरली की वर्षातून एक दुपार घरात ऊन यायचं. ही दुपार मी कधी विसरणार नाही. एरवी काळोख्या स्वयंपाकघरात उजेड पडला की सगळी भांडी ओळख बदलल्यासारखी दिसत. धुराने काळ्या झालेल्या वाशांवर ऊन पडायचं आणि काजळीचा उबट वास सुटायचा. उंदरांनी नेलेलं काय काय सापडे, मायची हरवलेली जोडवी, माझी गोटी, एकदा बाबांच्या चष्म्याची काच. कणगी उघडी पडायची. वर बसलेल्यांना खाली सगळं दिसायचं, कुणाच्या कणगीत किती दाणे उरलेत, कुणाच्या फडताळात काय आहे, कुणाचं अंथरूण फाटलंय. त्याची लाज कुणी बाळगत नसे. बाबा गेले त्या वर्षी आमची कणगी तळाला लागली होती. फुलजीकाकाने ते वरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ज्वारीची टोपली होती. माय टोपलीकडे बघत राहिली, मग तिने टोपली रिकामी केली आणि परत पाठवताना तिच्यात आमच्या झाडाच्या कैऱ्या भरल्या.

कैऱ्यांचेही तेच दिवस. सगळ्या खोऱ्यात आमचूर वाळत असायचं. नदीतल्या मोठ्या सपाट दगडांवर चिरलेल्या कैऱ्यांच्या फोडी पसरलेल्या, आणि दुपारी वारा फिरला की त्यांचा आंबट वास थेट दाताला लागायचा. शेजारच्या दगडावर मोहाची फुलं. आंबट आणि गोड असे दोन वास एकमेकांत मिसळून आमच्या घरापर्यंत येत. कौलं लावता लावता कुणीतरी बाई गाणं उचलायची आणि रांग त्या तालावर हलायची. गाण्यात काय होतं ते मला आता आठवत नाही. एका ओळीत वरच्या माणसाची टिंगल असे आणि दर घराला ती टिंगल बदलायची, एवढंच लक्षात आहे. आमच्या घरी यायची तेव्हा ती फुलजीकाकाच्या टकलावर असायची.

मला नोकरी लागली, मी शिकल्यासवरल्या माणसासारखा विचार करू लागलो. माय एकटी राहते. दर उन्हाळ्यात कौलं, दर उन्हाळ्यात वीस माणसांचा स्वयंपाक, तिच्याने व्हायचं नाही. लोकांना तरी किती त्रास द्यायचा? आता या विचारावर हसू येतं आणि पाठोपाठ रडूही येतं. त्रास! मायला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की तिच्या वर्षातला तो सगळ्यात सुखाचा दिवस. पण मी विचारलं नाही, मी तिला आश्चर्याचा धक्का देणार होतो. खापरहून गवंडी आणला, ट्रॅक्टरने वाळू आणली, आणि उन्हाळी सुटीत घर उतरवायला सुरुवात केली.

त्या सकाळी फुलजीकाका आला. कुणी हाळी दिली नव्हती, पण आमच्या छपरावर माणसं दिसली म्हणून आला, खांद्यावर वाखाची दोरी घेऊन. गवंड्याची माणसं वरून कौलं खाली फेकत होती. ती कौलं उतरवायची नव्हतीच, जागा मोकळी करायची होती. काका तो आवाज ऐकत उभा राहिला. मी पुढे झालो, मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं की आता सिमेंटचा स्लॅब पडणार, पुढची पन्नास वर्षं बघायला नको, तुम्हाला या वयात चढायला नको. त्याने चहा घेतला. जाताना म्हणाला, "बरं करं, भाऊ. आते तुले कोन्हीच गरज नही ऱ्हायनी." मला ते कौतुक वाटलं. कितीतरी वर्षं मी ते कौतुक म्हणूनच लोकांना सांगत होतो.

माय नव्या घरात राहायला गेली आणि तक्रार अशी तिने कधी केली नाही. फोनवर कधीतरी म्हणायची, "गरम व्हस रे आठे." मी पंखा पाठवला. एकदा म्हणाली, "वरतीन काही वाजत नही. वांदरं बी येत नही." मी म्हणालो, बरंय की, शांत झोप लागते. एका उन्हाळ्यात तिने सांगितलं की आज अमक्याकडे लाहा आहे, हाळी ऐकू आली. मी विचारलं, मग तू गेली नाहीस? ती म्हणाली, "हाळी सगळ्यासले, पन माले कोनी बलायंच नही." आणि मी, ऑफिसच्या जिन्यात उभा राहून, घाईत, तिला म्हणालो, "अगं, वय झालं आता. आराम कर." फोनमध्ये तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता, तो मला अजून ऐकू येतो.

तिच्या शेवटच्या वर्षी ती एकवेळच जेवत होती, हे मला नंतर डॉक्टरकडून कळलं. खोऱ्यात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? स्लॅबमधून खाली दिसत नाही. वरून बघणारं कुणी उरलं नव्हतं आणि टोपली ठेवणारंही नाही. याचा दोष मी कुणाला देऊ? मीच तो पन्नास वर्षांचा बंदोबस्त केला होता.

आमच्या घराची वाचलेली पाच-सहा कौलं मी नाशिकला नेली. एक दिवाणखान्यात ठेवलंय, त्यात मनीप्लांट लावलंय. येणारे जाणारे म्हणतात, वा, काय गावरान दिसतं. यावेळी जीपमध्ये कळलं की हल्ली एक टेम्पो खोऱ्याखोऱ्यांतून फिरतो, जुनी कौलं गोळा करतो, हायवेवरच्या हॉटेलांना शोभेसाठी लागतात म्हणून. माझ्या शेजारचा माणूस संतापाने सांगत होता की लोकांना आपल्या वस्तूंची किंमत नाही. मी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघू लागलो.

तर अखेर मी उठलो. ऊन चढायच्या आत जायला हवं होतं. नदीचे गोटे ओलांडले, पलीकडचा चढ चढलो. दम लागला, पण बरं वाटलं. आमचुराच्या फोडी दगडांवर होत्या, पूर्वीइतक्या नाही, तरी होत्या. लांबूनच रायसिंगच्या छपराचा उघडा सांगाडा दिसला, आणि त्याच्या पायथ्याशी रांग. पूर्वी वीसपंचवीस माणसं असायची, आता दहाएक असतील. त्यातली निम्मी साठीच्या पुढची, कारण तरुण कामासाठी सुरतला. पण रांग होती. कौल हातातून हातात जात होतं. मी क्षणभर चिंचेखाली थांबलो. हे अजून आहे, म्हणजे माझं काहीच पूर्ण गेलेलं नाही, असं मला वाटलं. मी बाह्या वर केल्या.

रायसिंग खालीच उभा होता, घरधन्याने राहावं तसा. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "अरे, तू कधी उना?" त्याने मिठीच मारली. माझ्या मायचं नाव काढलं, डोळे पुसले. मी म्हणालो, "लाहाले उनू. कोठे उभा ऱ्हाऊ?" माझी अहिराणी इतकी गंजलेली की रांगेतल्या एका म्हातारीने हसू लपवलं. रायसिंगने मला दंडाला धरलं आणि रांगेकडे न नेता आंब्याखाली नेलं. तिथे निळी प्लास्टिकची खुर्ची होती. त्याने गमछ्याने ती पुसली. "बठ. आते येसच." मी म्हणालो, बसायला नाही आलो. तो म्हणाला, "अरे, धूळ लागी. बठ ना भो." आणि वरून कुणी हाक मारली म्हणून तो गेला.

मी बसलो. एकदा उठून रांगेत दोघांच्या मध्ये जाऊन उभाही राहिलो. माझ्या अलीकडच्या बाईने वळून पाहिलं, ती संकोचाने हसली, आणि कौल माझ्या डोक्यावरून पलीकडच्याकडे गेलं. तिने मुद्दाम केलं नाही. कौल देताना माणसं ज्याच्या हातांची खात्री आहे त्याच्याकडेच बघतात. दोन कौलं तशी गेल्यावर मी परत येऊन खुर्चीत बसलो.

थोड्या वेळाने रायसिंगची बायको, जमनावहिनी, माझ्यासाठी ताट घेऊन आली. अजून कुणी जेवलं नव्हतं, काम अर्ध्यावर होतं. उडदाची डाळ, वरून तेलाची धार, दोन भाकरी, कांदा. मी म्हणालो, सगळ्यांबरोबर जेवतो. ती ऐकेना. मी पहिला घास घेतला. तोच वास, तीच चव. काम करणारे वरून बघत होते की काय, कोण जाणे. मग मी तिला ते विचारलं जे दोन हिवाळे मनात धरून होतो. "वहिनी, मायले काबरं बलायं नही तुम्ही कधी?"

ती माझ्या समोर जमिनीवर टेकली. तिला प्रश्नाचा राग आला नाही, उलट नवल वाटलं. "कशी बलावतूत, भाऊ? तिनं येवानं, आम्हना घरनी कौलं चढावानी. अन आम्ही तिले काय देतूत? तिना घरवर चढाले काही ऱ्हायनं व्हतं का? बाकीसना पत्रा ठोकाले तरी आम्ही चढतस. बुढीना हात फुकटमा कसा लेवाना? पाप लागस." यांनी तिला टाकलं, असं इतकी वर्षं मला वाटत होतं. यांनी तिचा मान राखला होता.

"पन तिनं मन मोठं," जमनावहिनी पुढे म्हणाली. माझं मन हलकं करावं म्हणूनच ती सांगत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "एक साल ती सोताच उनी. डोकाले फडकं बांधीसन, लाईनमा उभी ऱ्हायनी. आम्ही तिले काम कसं करू देतूत? सावलीमा खाट टाकी दिधी. सगळ्यासना आधी ताट वाढं. तू काही मनमा आनू नको, भाऊ, तुन्ही मायले आम्ही काही कमी पडू दिधं नही. दोन घास खादात तिनं, अन उठीसन चालनी गयी. मंग कधी उनी नही."

छपरावरून कुणीतरी ओरडलं आणि रांग हसली. मायच्या घरापासून इथपर्यंतची वाट मी सकाळी चालून आलो होतो, नदीचे गोटे, मग चढ. तिला या वाटेने परत जाताना किती वेळ लागला असेल, डोक्याचं फडकं तिने कुठे सोडलं असेल, ते कुणी पाहिलं नव्हतं.

"खा ना, भाऊ," जमनावहिनी म्हणाली. "आखो भाकर देऊ का?"

सगळे बघत होते. मी ताट पुढे केलं.